भातशेतीची मॅनेजर कोण?

(पावसाळ्याच्या तोंडावर कासू येथे जमलेल्या शेतकरी आणि शेतमजूर बायकांसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आज येताना मी पिशवीत दोन वस्तू घेऊन आले. एक सातबाऱ्याचा उतारा आणि एक मिठाची पुडी. मिठाचं काय करायचं ते शेवटी दाखवते. आधी उतारा बघू.

उताऱ्यावरचं नाव मी शाईने झाकलंय, कारण तो कुठल्या घरचा याच्याशी आपल्याला काम नाही. मला तुम्हाला दाखवायचंय ते नावापुढचं. तिथे लिहिलंय ए.कु.मॅ. अनेक जुन्या उताऱ्यांवर ते असतं. आपण सातबारा ट्रंकेत ठेवतो, पंचमीला नाग पुजावा तसा त्याला लांबून हात जोडतो, पण वाचत नाही. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेला की थोरल्या मुलाचं नाव लागतं, पुढे ही अक्षरं येतात, आणि बाकीची भावंडं, आई, बहिणी सगळी त्या अक्षरांच्या पोटात गडप होतात.

तर हा मॅनेजर काय करतो? मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरचे मॅनेजर माझे थोरले दीर होते. सकाळच्या गाडीने कामाला जायचे, रात्री यायचे. माणूस वाईट नव्हता. पण कुठल्या खाचरात कुठलं बी पडलंय हे त्यांना जेवायला बसल्यावर सासूबाईंकडून कळायचं.

मी मूळची रोह्याकडची. आमच्याकडे कुंडलिकेच्या कालव्याचं पाणी, उन्हाळी भातसुद्धा व्हायचं. तिथली पोर दिली पेणच्या खारेपाटात. इथे तुम्हाला कुणाला खारेपाट समजावून सांगायची गरज नाही, पण हे भाषण छापून लांबच्या मैत्रिणीही वाचणार आहेत, म्हणून सांगते. कासूच्या पश्चिमेला अंबा नदी धरमतरच्या खाडीकडे जाते. खाडीचं उधाणाचं पाणी जमिनीत शिरू नये म्हणून बांध घातलेले, बांधाला उघाड्या. आतल्या जमिनीवर एप्रिल-मेमध्ये मिठाची पांढरी खपली येते. त्या जमिनीवर पावसाच्या जिवावर एकच पीक, भाताचं.

माझ्या माहेरी पाऊस पडला की कामाला लागायचं. इथे पाऊस पडला की थांबायचं, हे मला सासूने शिकवलं. पहिल्या पावसाचं पाणी खाचरात साठू द्यायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून ते बाहेर जाऊ द्यायचं. पुन्हा साठवायचं, पुन्हा सोडायचं. सासूबाई खाचरातलं पाणी बोटाने जिभेला लावून बघायच्या. "अजून दोन पाऊस" म्हणाल्या की दोन पाऊस. मग ठरायचं, मोड आलेलं बी चिखलात फेकून रहू करायची, की राबातली आवण काढून लावणी करायची. लावणी करायची तर रोप जरा जून झालेलं घ्यायचं आणि चुडात रोपं वाढवायची, कारण कोवळं रोप खारात टिकत नाही. पुढे मी कृषी विद्यापीठाची माहितीपत्रकं वाचली तेव्हा हीच शिफारस छापलेली दिसली. मिठाच्या जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 अशा जाती दिल्या. त्याआधीपासून काळा राता, भुरा राता हे तांबड्या दाण्याचे भात इथे होतेच. त्यांचं बी वर्षानुवर्षं कुणी राखलं? कणगीतलं भात खायचं कुठलं, विकायचं कुठलं आणि बियाण्याला हात लावायचा नाही ते कुठलं, हे मॅनेजरला ठाऊक होतं का?

आता लावणीचा हिशेब करू. शिफारशीप्रमाणे 20 बाय 15 सेंटिमीटरवर लावलं तर एका एकरात सुमारे 1,35,000 चूड बसतात. हा आकडा मी कुठल्या अहवालातून काढलेला नाही, मुलीच्या वहीवर भागाकार करून काढलाय. तुम्हीही करून बघा. हे 1,35,000 चूड कंबरेत वाकून, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद घेऊन, अंगठ्याने चिखलात दाबायचे. पायाला चिखल्या होतात, त्यावर रात्री काहीतरी चोळायचं आणि सकाळी परत त्याच चिखलात. त्याआधी फाल्गुनापासून राबासाठी शेण, पातेरा, कवळ डोक्यावरून वाहिलेलं. नंतर बेणणी, कापणी, झोडणी. नांगर पुरुषाचा होता, आता त्या जागी पॉवर टिलर आला, तोही पुरुषाचाच. नांगराला यंत्र मिळालं, अंगठ्याला अजून बहुतेक ठिकाणी मिळालेलं नाही.

एवढं करून एखादीला विचारा, बाई तू काय करतेस? "मी घरीच असते." आज सकाळी इथेच एका ताईंनी मला हे उत्तर दिलं. त्यांच्या नखांतला चिखल अजून गेलेला नव्हता.

सातबाऱ्यात दोन भाग असतात. वरचा गाव नमुना सात, तो सांगतो जमीन कुणाची. खालचा नमुना बारा, तो सांगतो त्या जमिनीत पीक काय घेतलं. म्हणजे सरळ बोलायचं तर सात त्यांच्या नावावर आणि बारा आमच्या पाठीवर. आता कुणी म्हणेल, नावात काय आहे? घर एकच, भात एकाच कणगीत जातं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

एका पावसाळ्यात बांधाला खांड गेली. भात पोटरीला आलेलं, त्यात खारं पाणी शिरलं. पंचनामा झाला. मी खाचरात उभी राहून कुठपर्यंत पाणी आलं, कुठलं भात पिवळं पडलं ते दाखवलं. कागदावर सही मात्र दिरांची लागली, आणि भरपाई त्यांच्या खात्यात. त्यांनी ती घरातच आणली, नाही म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी मी एका सोसायटीत पीककर्ज मागायला गेले, कारण तोपर्यंत आम्ही वेगळे राहत होतो आणि शेती मीच बघत होते. तिथल्या माणसाने विचारलं, "तुमचा संबंध काय?" वीस वर्षं भात लावणाऱ्या बाईला भाताशी संबंध काय विचारतात! मी घरी येऊन रडले नाही, ट्रंक उघडून सातबारा वाचला. पहिल्यांदा.

आणि आता तर हे नाव पूर्वीपेक्षा जास्त नडतं. 2019 साली सुरू झालेला किसान सन्मानचा हप्ता जमीनधारक कुटुंबाला, म्हणजे पुन्हा उताऱ्यावरच्या नावाला. 2021 पासून पिकाची नोंद मोबाइलवर ई-पीक पाहणीने करायची आली. शेतात उभं राहून फोटो काढायचा. शेतात उभं कोण असतं? आणि मोबाइल कुणाच्या खिशात असतो? 2025 पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आला, तोही आधार आणि जमिनीची नोंद जोडून. म्हणजे ज्या बाईचं नाव उताऱ्यावर नाही ती सरकारी यंत्रात शेतकरी म्हणून जन्मालाच येत नाही. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकरी या शब्दाची व्याख्या चांगली मोठी केली होती. जमीन नसलेले, कुळं, मजूर, सगळे त्यात आले. धोरण कपाटात राहिलं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी बायकांची खाती 14 टक्क्यांच्या आसपास निघाली. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं. चांगलं आहे. पण तलाठ्याच्या दप्तरात शिरल्याशिवाय न्यूयॉर्कचं वर्ष कासूला पोचत नाही.

आपल्या जिल्ह्याला जमिनीसाठी भांडणं नवीन नाही. अलिबागच्या खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये संप सुरू केला. खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत असं ठरलं. 1939 पर्यंत तो चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1934 मध्ये चरीला आले, 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. सहा वर्षं घरात भात नाही आणि चूल तर पेटली पाहिजे, या गोष्टीचा भार कुणावर पडला असेल ते मी तुम्हाला सांगायला नको. पुढे कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कसेल त्याची जमीन झाली. कसेल त्याची. "तिची" हा शब्द त्या घोषणेत नव्हता, आणि कूळ म्हणून नावं लागली ती बहुतेक घरातल्या पुरुषांची. खोताचं नाव उतरवण्यात आपल्या आज्या-पणज्याही होत्या, चढलेल्या नावांत त्या नाहीत.

मग महामुंबई सेझ आला. पेण, उरण, पनवेलच्या जमिनी जाणार म्हणून या तालुक्यातल्या बाया रस्त्यावर उतरल्या, तुमच्यातल्याही काहीजणी असतील. 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. कौल कुणाचा, तर ज्यांची जमीन जाणार त्यांचा. जमीन कुणाची जाणार, तर सात नंबरात ज्याचं नाव. जमीन वाचली हा मोठाच विजय. मोर्चात मात्र बाई पुढे असते आणि मत विचारताना मॅनेजर.

आता थोडं नव्या तंत्राबद्दल, कारण मघाशी प्रश्न आला होता की लावणी बंद करायची म्हणतात ते खरं का. डॉ. ना. कृ. सावंतांची चारसूत्री भातशेती आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून सांगितली जाते. राबाच्या जागी भाताच्या तुसाची राख, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, 15 आणि 25 सेंटिमीटरवर आलटूनपालटून नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी. खत वाहून जात नाही, कमी लागतं, राबाचा जाळ आणि डोक्यावरचा पातेरा वाचतो. पद्धत चांगली आहे. पण गोळ्यांचा हिशेब केलात? एकरी सुमारे 25,000 गोळ्या, लावणीच्याच दिवशी चिखलात खोल दाबायच्या. मी ज्या शिबिरात हे ऐकलं तिथे खुर्च्यांवर पुरुष होते. गोळी दाबायला वाकणारी एकही खुर्चीवर नव्हती, आम्ही मागे चहा करत होतो.

दुसरं, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा भात तंत्र. नांगरणी-चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरवर भोकं पाडायची, त्यात बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. कर्जतकडे मी ते शेत पाहिलंय. एक बाई म्हणाली, "पहिल्यांदा जुलैत मी ताठ उभी राहिले." हे एक वाक्य मला हजार माहितीपत्रकांपेक्षा मोठं वाटतं. तरी दोन गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक, खारात चालेल का? आधी गुंठाभर करून बघा, अख्खं खाचर पणाला लावू नका. दुसरी गोष्ट तणाची. चिखलणी गेली की तण वाढतं आणि तणनाशक येतं. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये माणसाला कर्करोग होण्याचा संभव असलेल्या गटात टाकलं. पंप पुरुष पाठीवर घेतो, पण पाणी भरून कोण देतं, ते कपडे कोण धुतं, आणि बांधावरची भाजी कोण खुडून आणतं? फवारलेल्या बांधावरची भाजी खायची नाही एवढं तरी आजच ठरवा.

आणि तिसरी गोष्ट, जी शेतवाल्या बाया विसरतात. वाडीवरच्या बाया मागे बसल्यात. पुढे या ना. जागा आहे, सतरंजी कुणाच्या मालकीची नाही. लावणी बंद झाली की माझी कंबर वाचते, पण यांची जुलै महिन्याची मजुरी बुडते. दिवाळीनंतर वीटभट्टीला, कोळसाभट्टीला जायचं आणि पावसाळ्यात गावात लावणीची मजुरी, त्यावर कातकरी घरं चार महिने काढतात. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला, 2019 च्या वेतन संहितेतही ते कलम आहे. तरी आवण खणणाऱ्या बाईचा रोज वेगळा आणि मुठी वाहणाऱ्या बाप्याचा वेगळा, हे आपल्याच शेतात चालतं, आणि पैसे पुष्कळदा आपल्याच हातून दिले जातात. इथे मॅनेजर आपण असतो. तंत्र आणायचं तर टोकणीचं, बेणणीचं, कापणीचं काम कुणाला आणि काय रोजाने, हे याच बायांबरोबर बसून आधी ठरवायचं. मला यावर सोपं उत्तर सुचलेलं नाही. पण त्यांना न विचारता काढलेलं उत्तर चुकणार एवढं नक्की.

आता कायद्याचं. हळू सांगते, लिहून घ्या.

बापाच्या स्वकष्टाच्या जमिनीत मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा, हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे माझ्यासारखीला नाही. मग 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली-न झालेली हा भेद काढला. बाप त्या दिवशी हयात असायला हवा का, यावर कोर्टात वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप होऊन गेलेलं असेल तर ते उकरता येत नाही.

तुम्ही म्हणाल, भावाशी वैर कशाला? माहेर तुटतं. बरोबर आहे, तुटतं. मी माझा वाटा मागितला तेव्हा दोन गौरी-गणपती माहेरी गेले नाही. म्हणून मी कुणाला "मागाच" असं वरून सांगत नाही. एवढंच सांगते, की हक्कसोडपत्रावर सही करायला भाऊ साडी घेऊन येतो तेव्हा साडी घ्या, कागद घरी ठेवून घ्या आणि चार दिवस मागा. एकदा ते नोंदणीकृत झालं की परत फिरणं फार अवघड. आणि बहिणीने सोडलेला वाटा भावाच्या नावावर जातो, भावजयीच्या नाही, हे भावजयीनेही लक्षात घ्यावं.

सासरच्या जमिनीबद्दल. नवरा हयात असताना त्याच्या संमतीने बायकोचं नाव उताऱ्यावर लावायची सोय 1992 च्या शासन परिपत्रकाने झाली, तिला लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लाखो बाया जमल्या होत्या. बायकोच्या नावे जमीन करा ही हाक पुढे त्याच चळवळीतून आली. "लक्ष्मी" हे नाव मला आवडत नाही, लक्ष्मीला भात लावावं लागत नाही. पण सोय वापरा. अर्ज नवऱ्याने तलाठ्याकडे द्यायचा असतो, म्हणून आधी घरात बोलावं लागेल. भांडून होईल असं नाही. माझं झालं ते कर्ज नाकारल्यावर, कारण नवऱ्यालाही तेव्हा पटलं की नाव नसलं तर घराचंच नुकसान. आणि नवरा गेला तर तेरावा-चौदावा झाल्यावर पहिलं काम वारसनोंद. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. फेरफार वाचून घ्यायचा, आपलं नाव, मुलींची नावं आहेत ना, का नुसतं थोरल्याचं आणि पुढे ए.कु.मॅ.

वाडीवरच्या ताईंसाठी वेगळं. अनुसूचित जमातींना हा हिंदू वारसा कायदा लागू नाही. पण 2006 च्या वनहक्क कायद्याने दळीच्या, वरकस जमिनीचा जो वनपट्टा मिळतो तो लग्न झालेल्या जोडप्याला नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, असं कायद्यातच लिहिलंय. त्यासाठी नवऱ्याचा अर्ज नको, भावाची परवानगी नको. खारेपाटातल्या चार एकरवालीला जे मिळालेलं नाही ते डोंगरावर नाचणी-वरी करणाऱ्या कातकरी बाईला कायद्याने दिलंय. ज्यांच्याकडे पट्टा आहे त्यांनी तो घेऊन या, दोन नावं आहेत का बघू. एकच असेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच लिहू, मी कागद आणलेत.

बस, आता मीठ. बाहेर बादली ठेवली आहे. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बियाण्याचं भात सोडायचं. वर तरंगेल ते पोचट, काढून कोंबड्यांना टाका. तळाशी बसलेलं गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. ज्यांनी घरून मूठभर बी आणलंय त्यांनी उठा. आणि ज्यांचे मॅनेजर बाहेर मोटरसायकलवर थांबलेत त्यांनी त्यांनाही आत बोलवा, पुढच्या वर्षी हे त्यांना करू दे.